करंजतळ्यातली इर्जिक

कोल्हापूर

पन्हाळा पाहायचा राहिला, हे आधीच सांगून टाकतो. रजा आठ दिवसांची होती आणि बेत साधा होता: अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्यावर एक संध्याकाळ, पन्हाळ्यावर एक दिवस, मग परतीची गाडी. दर्शन झाले, रंकाळाही झाला. उरलेले सगळे दिवस हातकणंगले तालुक्यातल्या करंजतळे नावाच्या गावात एका तळ्याच्या काठी गेले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

निमित्त हिंदुराव पाटील. त्यांचे धाकटे भाऊ नागपूरला आमच्या दैनिकात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. हिंदुरावांचे करंजतळ्यात गुऱ्हाळ आहे, आणि दर उन्हाळ्यात गुऱ्हाळ बंद झाले की ते भावाला पत्र लिहितात: तुझ्या त्या नागपूरच्या पावण्याला पाठव. आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी गेलो. स्टेशनवर ते स्वतः घ्यायला आले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, आणि दोन पावलांवरच्या माणसाशीही ओढ्यापलीकडे हाक मारावी अशा आवाजात बोलणारे.

दर्शन आणि रंकाळा उरकल्यावर त्यांनी मला चपलांच्या गल्लीत नेऊन एक जोड घ्यायला लावला आणि मग एका खाणावळीत बसवले.

"पावणं, आदी पांढरा घ्या. तांबड्याला हात लावायचा तर पाण्याचा तांब्या जवळ ठिवा."

मी तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या पाण्याशिवाय संपवल्या. यात शौर्य नव्हते. नागपूरच्या तिखटावर वाढलेल्या माणसाला कोल्हापूरचे तिखट ओळखीचे वाटते. फरक एवढाच की आमच्याकडे ते काळ्या मसाल्याआडून येते, इथे समोरून येते. हिंदुराव मात्र माझ्या डोळ्यांकडे पाहत होते. पाणी आले नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"कामाचा माणूस हाय. रंकाळा बघितलासा न्हवं? आता उद्या आमचं तळं बघायला चला. रडायचं असलं तर तितं रडा."

करंजतळे: बांधावरून

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही गावाच्या अलीकडे पोहोचलो. समोर एक उंच मातीचा बांध होता, त्यावर एक मोठा वड. बांध चढून गेलो. पलीकडे तळे असायला हवे होते. होते ते एक हिरवे, जाड पानांचे मैदान, जवळजवळ पार समोरच्या काठापर्यंत गेलेले, आणि त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे. वाऱ्याने सगळे मैदान संथपणे वरखाली होत होते.

मी म्हणालो, "शोभिवंत आहे."

"व्हय. माझी म्हैस बी असंच म्हणाली," हिंदुराव म्हणाले. "जमीन समजून चालत गेली. वर आली ती तिसऱ्या दिवशी."

या वनस्पतीला पुस्तकात जलपर्णी म्हणतात. इकडचे लोक केंदाळ म्हणतात. हिंदुरावांनी खाली उतरून एक झाड उपटून आणले. पानाचा देठ फुग्यासारखा फुगलेला; त्यात हवा असते, म्हणून ते तरंगते. खाली केसांच्या झुबक्यासारखी काळी मुळे, हातभर लांब. एका झाडाला आडवे धुमारे फुटून दुसरी तीन-चार झाडे चिकटलेली. ते उपटले तिथे वितभर पाणी दिसले. त्याचा रंग फार वेळ उकळलेल्या चहासारखा होता आणि वास सडक्या पेंढ्याचा. त्या वितभर जागेत बोटाएवढे दोन मासे वर आले आणि तोंड उघडून हवा घेऊ लागले.

खाली ऊन पोहोचत नाही, म्हणून पाणी कुजते. पाने पाणी पितात, म्हणून उन्हाळ्यात तळे लवकर आटते. गाव पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर आहे. तिथे दगडी घाट आहे, पण बायका धुणी घेऊन मैलभर दूर इंजिनाच्या विहिरीवर जातात. संध्याकाळी डास इतके येतात की गोठ्यात धूर केल्याशिवाय जनावर उभे राहत नाही. या गोष्टी मी तीन घरांत स्वतंत्रपणे विचारल्या. तिन्ही घरांत उत्तरे सारखी आली.

मग काढत का नाही, हे विचारल्यावर मात्र उत्तरे वेगळी आली. ग्रामपंचायतीने ठराव केला होता. तळे संस्थानच्या काळातले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते कोणाच्या खात्यात गेले याबद्दल एकमत नव्हते. ज्याचे तळे त्याने काढावे, एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते. मला आमच्या भंडाऱ्याकडची आठवण झाली. तिथले जुने मालगुजारी तलाव मालगुजारी गेली तसे बेवारस झाले. पण त्यांवर ढीवरांचा मासेमारीचा हक्क राहिला, म्हणून निदान कोणीतरी रोज पाण्यात उतरते. करंजतळ्यात पाण्यात उतरणारे कोणी उरले नव्हते.

"आणि हे आले कुठून?" मी विचारले.

हिंदुराव पहिल्यांदाच हळू बोलले. "गावात बायका ह्येला केंदाळ म्हणत न्हाईत. 'आक्काची गौर' म्हणत्यात."

घाटाजवळचे घर

आक्का म्हणजे पार्वताक्का, निवृत्त शिक्षक मल्लाप्पा मास्तरांच्या पत्नी. घर लिंगायताचे, माहेर सीमेपलीकडचे, त्यामुळे मास्तरांशी बोलताना निम्मे कानडी. त्यांचे घर बरोबर घाटाच्या वर आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी तळ्यावर उघडते. हिंदुराव मला तिथे घेऊन गेले. आक्कांनी ताकाचे पेले पुढे ठेवले आणि मी विचारण्याआधीच सांगितले.

"लिहिणारं पावणं हाईसा म्हणं. मग खरंच लिवा. मीच आणलं."

सहा वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या बंगल्यातल्या हौदात त्यांनी हे फूल पाहिले. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. गौरी-गणपतीचे दिवस होते. त्यांनी दोन झाडे पत्र्याच्या डब्यात पाणी घालून आणली आणि गौरीच्या तेरड्याबरोबर सजवली. सगळे गाव बघायला आले. तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे गौर घाटावर नेली आणि तिच्या अंगावरचे सगळे पाण्यात सोडले. तेरडा कुजून गेला. ती दोन झाडे मुळासकट होती.

"पयल्या साली चार तुरं दिसलं. मला आनंद झाला. म्हटलं, गौर पावली," आक्का म्हणाल्या. "तिसऱ्या साली घाट दिसंना."

करंजतळ्यात गौर तळ्यातून आणायची. सवाष्णी घाटावर जातात, पाण्याकाठचे पाच खडे आणि तेरडा घेतात, आणि मागे न बघता घरी येतात. गेली तीन वर्षे बायका विहिरीवरून गौर आणत होत्या. आक्का गेल्याच नव्हत्या. त्यांच्या घरी तीन वर्षे गौर बसली नव्हती.

"विहिरीची गौर आणायला माझी ना न्हाय," त्या म्हणाल्या. "पण घाटावरनं मीच बायकांस्नी हाकललं. मग मी कोणत्या तोंडानं जाऊ? जायची तर घाटावरनंच. न्हाय तर न्हाय."

मास्तर म्हणाले, "हिला मी सांगितलं, वनस्पतीला पाप लागत नाही. तर म्हणते, वनस्पतीला नाही, मला लागतं."

आवतण

त्या संध्याकाळी हिंदुरावांच्या गुऱ्हाळाच्या आवारात दहा-पंधरा माणसे बसली होती. गुऱ्हाळ बंद, उसाचा रस आटवायच्या दोन प्रचंड काहिली पालथ्या घातलेल्या, त्यांवरही माणसे बसलेली. त्यांत रंगा पैलवान होता. आता कुस्ती सुटलेली, पण कान मोडलेले आणि आवाज शाबूत. आक्का हातात तबक घेऊन आल्या. तबकात सुपाऱ्या होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक ठेवली.

"परवा दिवस उगवताना माझी इर्जिक हाय. बैल घेऊन या."

इर्जिक म्हणजे काय, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगावे लागेल. एखाद्याचे शेतातले काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असले की तो गावाला बोलावतो. प्रत्येक घर बैलजोडी आणि माणूस पाठवते, मजुरी कोणी घेत नाही, मालक सगळ्यांना जेवू घालतो. पण इर्जिक बोलावण्याचा अधिकार फक्त कामाच्या मालकाचा. तळ्याला मालक नव्हता, म्हणून सहा वर्षे इर्जिक कोणी बोलावली नव्हती. कोणाच्या डोक्यातही ते आले नव्हते.

रंगाने सुपारी बोटांत फिरवली. "आक्का, तुमचं रान तर खंडानं दिलंया. इर्जिक कशाची?"

"तळ्यातली."

"तळं तुमचं हाय व्हय?"

"तळं न्हाय," आक्का म्हणाल्या. "केंदाळ माझं हाय की."

हिंदुरावांनी सुपारी तोंडात टाकली. ती दाढेखाली फुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. रंगाने एवढेच विचारले, "जेवायला काय?"

"हुग्गी."

हुग्गी ही खपली गव्हाची, गूळ घालून शिजवलेली दाट खीर. लिंगायताच्या घरी मोठ्या जेवणाला तीच असते. इर्जिकीला मटण मिळायची सवय असलेल्या मंडळींत चुळबुळ झाली.

"खिरीवर केंदाळ निघतंय व्हय?" रंगा म्हणाला, पण सुपारी त्याने परत केली नाही.

पहिला दिवस

दिवस उगवताना घाटावर एकोणीस बैलजोड्या उभ्या होत्या. मी मोजल्या. नारळ फोडला. पुढे जे झाले ते नांगरटीच्या इर्जिकीसारखेच झाले, आणि चूक तिथेच होती. माणसे छातीभर पाण्यात उतरली आणि शेताचे वाफे पाडावेत तसे विळ्यांनी केंदाळाचे पट्टे कापू लागली. कापलेल्या पट्ट्याभोवती जाड दोर टाकायचा आणि तो बैलांनी ओढायचा. दोर मोटेचे होते. इंजिने आल्यापासून मोटा बंद झाल्या आहेत. त्यांचे नाडे घरोघर आढ्याला टांगलेले होते.

बैलांनी ताण दिला की नाडा केंदाळातून सरळ आरपार निघून यायचा, सुरीने खरवस कापावा तसा. केंदाळ जागच्या जागी. दहा ओढींतली एखादी साधायची. कापताना तुटलेले तुकडे सुटून वाहत गेले ते वेगळेच. दुपारी बारा वाजता, ऊन चढल्यावर, रीतीप्रमाणे बैल सोडले. काठावर जेमतेम चार गाड्यांचा ढीग होता.

माणसे जेवायला बसली. हुग्गी उत्तम होती.  रंगाने तीन वाट्या संपवल्या आणि ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तेवढी खिरीची ताकद."

तीनच्या सुमाराला एक बाई ओरडत आली. आम्ही घाटावर धावलो. घाटापासून दूरपर्यंत उघडे, काळे पाणी पसरले होते. केंदाळ मागे सरकले होते. लोकांनी हलगी आणली. हिंदुरावांनी मला मिठी मारली. रंगाने घाटाच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारली आणि सूर मारून वर आला. तीन-चार वर्षांनी त्या पाण्यात पोहणारा तो पहिला माणूस.

मी बातमी मनातल्या मनात जुळवायला सुरुवात केली होती. मागे वळलो तर आक्का खिडकीत उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"त्ये कुठं गेल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या. "वडाकडं गेलंय. सकाळी येतंय बघा परत."

सकाळी आले. घाटाच्या पायऱ्यांना काल होते तसेच लागून उभे होते. वाहून गेलेले तुकडेही परतले होते. काठावरच्या ढिगाचा खालचा भाग रात्रीतून घसरून पाण्यात गेला होता; तोही तरंगत होता.

मास्तरांची झोप

घाटावर त्या सकाळी जे बोलणे झाले ते छापण्याजोगे नाही. बहुतेकांनी बैल परत फिरवले. रंगा पायरीवर बसून होता. आक्का खाली आल्या आणि सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"आता मी सांगू?"

"सांगा की," रंगा म्हणाला. "काल का न्हाय सांगितलं?"

"काल कुणी इचारलं?"

केंदाळ रोज फिरते, हे गावाला मोघम माहीत होते. केव्हा, कुठे, किती, हे कोणाला माहीत नव्हते. कारण दिवसा पुरुष रानात आणि बायका विहिरीवर. सहा वर्षे रोज ते पाहणारे माणूस गावात एकच होते. आक्कांकडे घड्याळ नव्हते, स्वयंपाकघर होते.

"चूल पेटवते तवा त्ये घाटाला असतंय. भाकरी थापते तवा सुटतंय. भांडी घासते तवा तळ्याच्या मधी. आनि मास्तर दुपारची झोप काढून उठत्यात तवा गगनबावड्याकडनं वारा येतोय. त्यो त्येला सगळं गोळा करून बांधाला लावतोय. वडाच्या अंगाला असं दाटतंय की वर कोंबडी पळंल. तुमी सकाळी हितं ओढतासा. त्ये हितनं निघालेलं असतंय. तितं दुपारी ओढा. वारा तुमच्या बाजूनं ढकलंल."

"दुपारी?" मागून कोणीतरी म्हणाले. "इर्जिक कवा दुपारी असत्या व्हय? उतरत्या उन्हात बैल कोण जुपतंय?"

उत्तर रंगाने दिले. तो उभा राहिला. "इर्जिक कुणाची हाय? आक्काची. मालकीण सांगंल तवा जुपायचं. तुझ्या इर्जिकीला तू सांग."

यावर वाद संपला. रीतीत या प्रश्नाचे उत्तर होते आणि ते सर्वांना पाठ होते. ज्या रीतीने आक्कांना केंदाळाचे मालक केले, तिनेच त्यांना बोलण्याचा हक्क दिला होता.

हिंदुरावांनी दोन गोष्टींची भर घातली. नाडा कापत जातो, तर त्याला बाभळीच्या काटेरी फांद्या बांधायच्या. काटे मुळांत रुततील. आणि बांधाचा बाहेरचा उतार मोटेच्या धावेसारखा आहे. मोटेचा बैल उतारावर खाली चालत जाऊन ओढतो. गावात अजून असे म्हातारे बैल होते, ज्यांना हे शिकवावे लागणार नव्हते.

दुपारी बांधावर अकरा जोड्या होत्या. बाकीची माणसे बैलांशिवाय, बघायला म्हणून, वडाखाली बसली होती. ऊन रणरणत होते. वारा नव्हता. केंदाळ तळ्याच्या मध्यावर होते. थोड्या वेळाने रंगाने तळ्यापलीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "मास्तर उठलं काय?"

पलीकडे खिडकीतून आक्कांनी हात हलवला: नाही.

पाऊण तासात हा प्रश्न पाच वेळा विचारला गेला. पाचव्यांदा सगळ्या बांधाने एका आवाजात विचारला. मला वाटते, त्या आवाजानेच मास्तर उठले. खिडकीतून एक पांढरे धोतर हलले. आणि खरोखरच, त्यानंतर चिलीम भरायला लागतो तेवढाही वेळ गेला नसेल, माझ्या मानेवरचा घाम गार झाला. समोरचे हिरवे मैदान आमच्या दिशेने निघाले होते.

काहील

नाडा केंदाळाच्या मागून फिरवून आणायला पाण्यावर जाणे भाग होते. नाव गावात नाही. पंचगंगेला पूर आला की इकडे काहिलीत बसून माणसे काढतात. गुऱ्हाळे बंद असल्याने काहिली मोकळ्या होत्या. हिंदुराव बसले, मलाही बसवले. नाड्याचे टोक माझ्या हातात.

काहील गोल असते. तिला पुढची बाजू नाही. वल्हे मारले की ती पुढे जाण्याआधी स्वतःभोवती फिरते. पहिल्या दोन फेऱ्यांत मला बांध, घाट, वड आणि पुन्हा बांध दिसला. तिसऱ्या फेरीत मी पाण्यात होतो. नाडा सोडला नाही, हे नोंदवतो. नव्या जोडापैकी एक चप्पल आणि माझी वही गेली. चप्पल अजून तळ्याच्या तळाशी असावी. रंगाने पोहत येऊन माझी कॉलर धरली.

"पावण्याला बी ओढा रं, केंदाळासंगं!"

नाडा मी त्याच्या हातात दिला. तो काठावर गेला आणि बैलांना जुंपला गेला. बैल बांधाच्या बाहेरच्या उतारावरून खाली निघाले. मोट बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी म्हाताऱ्या बैलांनी उताराच्या तळाशी आपोआप थांबून मान वळवली, हे मी पाहिले. नाडा ताणला. काटे रुतले. मग चिखलातून पाय काढताना होतो तसा, पण शंभर पायांचा आवाज झाला आणि केंदाळाचा एक अख्खा तुकडा, घराच्या छपराएवढा, मुळांच्या झालरीसकट बांधावर चढला.

 सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग वडाखाली बसलेली माणसे उठली आणि बैल आणायला पळाली.

संध्याकाळपर्यंत सव्वीस जोड्या झाल्या. आक्का घाटावरून बांधावर आल्या होत्या आणि त्यांचा एकच हुकूम होता: आतल्या उतारावर एक पान राहता कामा नये. बायकांनी रांग धरली. पाट्या भरून केंदाळ बांधापलीकडे जात होते, तिथून गाड्यांनी खताच्या खड्ड्यांत. पाटी सांडली की आक्का हाक मारायच्या, "मूळ उचला! पान ऱ्हायलं तर वाळंल, मूळ ऱ्हायलं तर हसंल!"

हे चार दुपारी चालले. रोज सकाळी हुग्गी, दुपारी मास्तरांच्या उठण्याची वाट. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गावांचे बैल न बोलावता आले. तिसऱ्या दिवशी लोकांनी मास्तरांना लवकर झोपवून पाहिले. वाऱ्याने दाद दिली नाही.

सरलं

चौथ्या दिवशी पाचच्या सुमाराला शेवटचा तुकडा बांधावर आला. समोर पाणी होते. रंग अजून चहाचा होता, वासही होता. पण त्यात आकाश दिसत होते, आणि वडाचे प्रतिबिंब तीन-चार वर्षांत पहिल्यांदाच पाण्यात पडले होते. हिंदुरावांची उरलेली म्हैस घाटावर आणली. ती पायरीवर बराच वेळ उभी राहिली, पाणी हुंगले, आणि मग नाकपुड्या वर धरून आत गेली. हलगी सुरू झाली. या वेळी ती कोणी थांबवली नाही.

थांबवली फक्त रंगाने, आणि तीही क्षणभर. इर्जिकीचे काम संपले हे कामकऱ्यांनी सांगायचे नसते. मालकाने रान फिरून बघायचे आणि 'सरलं' म्हणायचे. मगच शेवटचे जेवण.

आक्कांना काहिलीत बसवले. पदर खोचून, दोन्ही हातांनी कड धरून त्या बसल्या. रंगा आणि हिंदुराव पाण्यात उतरून दोन्ही बाजूंनी काहील ढकलत होते, त्यामुळे ती फिरली नाही. सगळा गाव काठाकाठाने चालत होता. आक्का काठ बघत होत्या. दक्षिणेची बाजू झाली, घाट झाला, उत्तरेची बाजू झाली, शेवटी पुन्हा बांध आला. वडाखाली त्यांनी हात वर केला. वडाची एक मुळी पाण्यात उतरली होती. तिच्या बेचक्यात एक झाड अडकले होते. त्याला तुरा होता.

आक्कांनी ते मुळासकट उपटले. थोडा वेळ हातात धरले. मग तुरा खुडून पाण्यात टाकला, मुळे पदरात बांधली आणि म्हणाल्या, "आता सरलं."

त्यानंतरचा गलका मी नोंदवू शकलो नाही, कारण मीही त्यात होतो.

जेवताना रंगाने पाचवी वाटी पुढे केली. आक्का म्हणाल्या, "खिरीवर निघतंय व्हय रं पैलवाना?"

"निघतंय की," रंगा म्हणाला. "फकस्त तूप कमी पडलं म्हणून चार दिस लागलं."

नागपूर

परतल्यावर मी शेतकी शाखेच्या एका परिचित प्राध्यापकांना हे सगळे सांगितले. त्यांनी कौतुक केले आणि एक इशारा दिला: या वनस्पतीचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते. ते मी करंजतळ्याला कळवले. उलट टपाली हिंदुरावांचे कार्ड आले. आक्कांनी सोमवार लावून दिला आहे. दर सोमवारी एका घराने काहिलीतून तळे फिरायचे आणि उगवलेले उपटायचे. पहिल्या पावसानंतर मूठभर रोपे निघाली, त्यानंतर दोन. मासे दिसतात.

दुसरे पत्र भाद्रपदात आले. गौरी आल्या त्या दिवशी आक्का पहाटेच घाटावर गेल्या. मागून गावातल्या सगळ्या सवाष्णी. पाच खडे पहिल्यांदा आक्कांनी उचलले, मग इतरांनी. घरी गौर बसली. मास्तरांनी आरती म्हटली.

तिसऱ्या दिवशी गौरी परत पाण्याकडे निघाल्या तेव्हा घाटाच्या वरच्या पायरीवर आक्का पाट टाकून बसल्या होत्या, हातात विळी. त्या दिवसापासून गावाची ही नवी रीत झाली, असे हिंदुरावांनी लिहिले आहे. कोणीही असो, सरपंचाची सून असो की रंगाची बायको, गौर त्यांच्यापुढे धरायची. आक्का तेरडा उलटा करून बघतात, मूळ असले तर कापून शेजारच्या टोपलीत टाकतात, आणि मगच म्हणतात:

"हं. आता सोड पाण्यात."